खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : गाळणी कोणती निवडावी?

'गाळणी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चहाची जाळी, नाहीतर हंड्याच्या तोंडाला बांधलेले फडके उभे राहते. गढूळ पाणी वरून ओतावे, गाळ वर राहावा आणि स्वच्छ पाणी खाली यावे, एवढीच गाळणीविषयी आपली कल्पना असते. गोड्या पाण्यातील रंगीत मासे पाळून हात बसलेला हौशी मनुष्य समुद्रातील मासे घरी आणण्याचा विचार करू लागतो, तेव्हा तो हीच कल्पना मनात धरून दुकानात जातो. तेथे वाळूखालची गाळणी, स्पंजाची गाळणी, बंद डब्याची गाळणी, ठिबक गाळणी, फेस काढणारे यंत्र, 'जिवंत खडक' अशी अनेक नावे त्याच्या कानावर पडतात. यांपैकी काय घ्यावे, हा प्रश्न मग बहुधा खिशाकडे पाहून किंवा दुकानदाराच्या शब्दावर विसंबून सोडविला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या मते ही निवड तीन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून ठेवली पाहिजे. टाकीत दररोज किती अन्न पडणार आहे? वीज गेल्यास गाळणीचे काय होईल? आणि या गाळणीसाठी समुद्रातून काय उचलून आणावे लागेल? किमतीचा विचार या तिन्हींनंतर करावा. असे का, हे समजण्यासाठी प्रथम टाकीतील पाणी कशाने बिघडते ते पाहू.

पाणी कशाने बिघडते?

डोळ्यांना दिसणारा गाळ हा टाकीचा मुख्य शत्रू नव्हे. खरा शत्रू रंगहीन असतो व तो पाण्यात पूर्णपणे विरघळलेला असतो. मासा अन्नातील प्रथिने पचवितो आणि त्यांतील नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न कुजले तरी त्यातूनही अमोनियाच निर्माण होतो.

याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. समजा, १०० लिटरच्या टाकीत रोज १ ग्रॅम कोरडे अन्न घातले आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो. म्हणजे त्या एका ग्रॅममधून ६४ मिलिग्रॅम नत्र टाकीत गेला. त्यातील निम्माच अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला असे धरले, तरी प्रत्येक लिटरमागे रोज सुमारे ०.३२ मिलिग्रॅम नत्राची भर पडते.

हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु येथे समुद्राच्या पाण्याचा एक गुणधर्म आडवा येतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांपैकी विद्युत्‌भाररहित रूप कल्ल्यांतून सहज आत शिरते व तेच विशेष विषारी असते. पीएच मूल्य ७ आणि तपमान २५ अंश सेल्सियस असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियाचा जेमतेम ०.६ टक्के भाग या रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचे पीएच मूल्य सामान्यतः ८.१ ते ८.३ असते आणि त्याच तपमानाला तेथे हा भाग ५ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. या विषारी रूपातील नत्राचे प्रमाण लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम झाले की मत्स्यपालक ती धोक्याची खूण समजतात. वरील उदाहरणातील टाकी गाळणीवाचून एका दिवसातच या खुणेच्या जवळ जाऊन पोहोचते.

प्राणवायूच्या बाबतीतही खारे पाणी अधिक कंजूष असते. २५ अंशांना गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, तर समुद्राचे पाणी सुमारे ६.८ मिलिग्रॅमच. तपमान वाढले की हा साठा आणखी कमी होतो. गोड्या पाण्यात खपून जाणारा निष्काळजीपणा खाऱ्या पाण्यात का खपत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

गाळणी ही एक वसाहत आहे

विरघळलेला अमोनिया कोणत्याही फडक्यात अडकत नाही. त्याचे रूपांतर करावे लागते आणि ते काम जीवाणू करतात. हे सिद्ध करणारा प्रयोग मूळचा एका गाळणीवरच झालेला आहे. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे तीन आठवडे खाली येणाऱ्या पाण्यातील अमोनियात काही फरक पडला नाही. नंतर मात्र त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि पुढे थोड्या मातीचा अर्क घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. अर्थात हे काम वाळू करीत नव्हती. वाळूवर राहणारे जीव करीत होते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियाचे नायट्राइट करणारे व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू निरनिराळे आहेत, हे दाखवून दिले.

या ज्ञानात अलीकडे पडलेली एक महत्त्वाची भरही मत्स्यालयातूनच आली. अमोनियाचे नायट्राइट करणारा, जीवाणूंहून निराळ्या अशा 'आर्किया' या गटातील एक सूक्ष्म जीव अमेरिकेतील सिॲटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून वेगळा काढण्यात आला आणि २००५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. असेच जीव खुल्या समुद्रातही फार मोठ्या संख्येने आढळतात.

यावरून व्यवहारातील तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गाळणी विकत आणली म्हणजे ती काम करू लागत नाही. तिच्यात वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दुसरी, या वस्तीला प्राणवायू आणि बसण्यास खरखरीत, सच्छिद्र पृष्ठभाग हवा असतो. तिसरी, क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्याने गाळणी धुऊन लख्ख करणे म्हणजे स्वतःच्या हाताने ती वस्ती उठविणे होय. गाळणी धुवावयाची असल्यास ती टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावी.

पद्धतींचे गुणदोष

घरात समुद्रजीव जगविण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळजीव लंडनला आणले आणि पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरचेवर ओतवून, म्हणजे हवेशी त्याचा संबंध आणून, ते जगविले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासे, गोगलगायी व पाणवनस्पती यांचा एका भांड्यात तोल साधल्याचे वर्णन लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. हवा, सूक्ष्म जीव आणि वनस्पती यांच्याच निरनिराळ्या योजनेतून पुढील सर्व पद्धती निघाल्या आहेत.

वाळूखालची गाळणी ही त्यांतील सर्वांत साधी. वाळूच्या थराखाली जाळीदार तबक ठेवून पाणी वाळूतून खाली ओढले जाते आणि वाळूचा प्रत्येक कण जीवाणूंचे घर बनतो. ती स्वस्त आहे. तथापि कालांतराने थरात गाळ साचतो आणि तो काढण्यासाठी सर्व टाकी ढवळावी लागते. स्पंजाची गाळणी त्याहून सोपी आहे. हवेच्या बुडबुड्यांबरोबर पाणी स्पंजातून ओढले जाते आणि त्याच वेळी ते हवेशीरही होते. ठिबक गाळणीत पाणी उघड्या हवेतील सच्छिद्र तुकड्यांवरून पाझरत खाली येते, त्यामुळे तेथील जीवाणूंना प्राणवायूची कधीच वाण पडत नाही.

या तिन्हींचा शेवट मात्र नायट्रेटपाशी होतो. नायट्रेट अमोनियाइतके विषारी नसले तरी ते साठत जाते. आपल्या उदाहरणातील टाकीत रोज सुमारे १.४ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्यास सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट प्रत्येक लिटरमागे वाढेल. महिन्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलले, तर हे प्रमाण वाढत वाढत शेवटी १७० च्या आसपास स्थिरावेल. तेवढेच पाणी दर आठवड्यास बदलले तर ते ४० च्या आसपास राहील. अन्न निम्मे केले तर हे दोन्ही आकडे निम्मे होतील. कोणत्याही दुकानात न मिळणारी ही सर्वांत स्वस्त 'गाळणी' आहे.

नायट्रेट कमी करण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. मोनॅको येथील मत्स्यालयाशी संबंधित असलेल्या जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराच्या तळाशी पाण्याची मोकळी पोकळी ठेवण्याची पद्धत प्रचारात आणली. अशा थराच्या खालच्या, प्राणवायू अत्यल्प असलेल्या भागात नायट्रेटचे रूपांतर नत्रवायूत होते. परंतु असा थर नवशिक्याच्या हातून ढवळला गेल्यास त्यातून घातक हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग शेवाळाचा. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी प्रकाशात वाढणाऱ्या आखूड शेवाळावरून पाणी वाहते ठेवून ते वेळोवेळी खरवडून काढण्याची पद्धत विकसित केली. शेवाळाबरोबर नत्र आणि फॉस्फरस दोन्ही टाकीबाहेर जातात. शेवाळ दिसले की ते घासून काढण्याची आपली सवय असली, तरी योग्य जागी वाढविलेले शेवाळ ही एक उत्तम गाळणी आहे.

फेस काढणाऱ्या यंत्राला बाजारात प्रोटीन स्किमर म्हणतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर साचणारा पिवळसर फेस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना याचे तत्त्व निराळे सांगावयास नको. खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे टिकतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांसारखे पदार्थ चिकटून वर येतात. ते कुजून त्यांचा अमोनिया होण्यापूर्वीच टाकीबाहेर पडतात, हा या यंत्राचा मोठा गुण. शिवाय त्याने पाणी हवेशीर होते. परंतु माशाच्या कल्ल्यांतून थेट बाहेर पडणारा अमोनिया ते काढू शकत नाही. म्हणून ते जीवाणूंचे साहाय्यक आहे, त्यांची जागा घेणारे नव्हे. क्रियाशील कोळशाचेही तसेच आहे. तो पाण्याचा पिवळेपणा शोषून घेतो. पण थोड्याच काळात त्याची शक्ती संपते.

विजेचा प्रश्न

परदेशी पुस्तकांत बंद डब्याच्या गाळणीची वाखाणणी आढळते. ती नेटकी असते, आवाज करीत नाही आणि टाकीखालच्या कपाटात मावते. परंतु आपल्याकडे अनेक गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. पंप थांबला की बंद डब्यातील पाणी निश्चल होते. आतील असंख्य जीवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवितात आणि मग ते स्वतःच मरू लागतात. वीज परत येताच हेच दूषित पाणी टाकीत ढकलले जाते. सकाळी मासे मेलेले दिसतात आणि दोष मात्र माशांच्या जातीला दिला जातो.

म्हणून आपल्या देशातील घरासाठी व शाळेसाठी उघडी गाळणी श्रेयस्कर होय. ठिबक गाळणीतील तुकडे पंप बंद पडला तरी ओलसर हवेत राहतात. स्पंजाची गाळणी तर विद्युत्‌घटावर चालणाऱ्या लहानशा हवेच्या पंपावरही चालू ठेवता येते. जे यंत्र बंद पडल्यावर घातक ठरते, ते चालू असताना कितीही उत्तम असले तरी निवडू नये.

'जिवंत खडका'चा मोह

आता तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली 'नैसर्गिक पद्धती' प्रसिद्ध केली. प्रवाळभित्तीवरून आणलेले, सूक्ष्म जीवांनी व शेवाळाने भरलेले खडक टाकीत ठेवावेत, थोडे हवेचे बुडबुडे आणि प्रकाश द्यावा, आणि बाकीचे काम निसर्गावर सोपवावे, असे तिचे स्वरूप होते. पुढे जर्मनीत या खडकांना फेस काढणाऱ्या यंत्राची जोड मिळाली आणि 'बर्लिन पद्धती' या नावाने ती जगभर पसरली. ही पद्धती परिणामकारक आहे, हे निर्विवाद होय. खडकाच्या पृष्ठभागावर अमोनियाचे आणि आतल्या छिद्रांत नायट्रेटचे रूपांतर होते. म्हणजे एकाच दगडात दोन गाळण्या सामावलेल्या असतात.

पण हा दगड म्हणजे वस्तुतः प्रवाळांचा सांगाडा आणि त्यावर वसलेली जीवसृष्टी. आपल्या देशात भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समाविष्ट करण्यात आले. ते गोळा करणे व विकणे हा गुन्हा आहे. या कायद्यामागे कटू अनुभव आहे. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात चुन्यासाठी व बांधकामासाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणून काढले गेले. तेथील २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली आणि प्रवाळांचे उत्खनन हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. महाराष्ट्रात मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. घरातील एका टाकीसाठी उचललेल्या दहा-पंधरा किलो खडकाने समुद्राचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु चुन्याच्या भट्टीसाठी पाटीभर प्रवाळ नेणाऱ्याचाही युक्तिवाद याहून निराळा नव्हता.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जिवंत खडकातील विविधता कृत्रिम दगडात येत नाही. हे खरे आहे. परंतु ती विविधता प्रवाळ पाळणाऱ्यास विशेष लागते, आणि भारतातील घरात समुद्रातून आणलेले प्रवाळ असूच नयेत. केवळ मासे पाळणाऱ्यास नत्राचा प्रश्न सुटला म्हणजे पुरे. दुसरा आक्षेप असा की, मग समुद्राचे मासे तरी घरी का आणावेत? हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे माझे उत्तर असे, की उबवणी केंद्रात जन्मलेले मासेच आणावेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउन माशाच्या अनेक जातींची पैदास बंदिस्त पाण्यात यशस्वी केली आहे. असे मासे टाकीतील जीवनास व तयार अन्नास सरावलेले असतात, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही भित्तीवर जाळे टाकावे लागत नाही. नागपूर किंवा भोपाळ येथील ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला त्या सृष्टीची ओळख करून देण्यास अशी एक जोडी पुरेशी आहे.

एक व्यवहार्य योजना

सारांश, घरासाठी किंवा शाळेसाठी माझी सूचना पुढीलप्रमाणे आहे. टाकी शक्यतो २०० लिटरची घ्यावी. पाणी दुप्पट झाले की वरील हिशेबातील आकडे निम्मे होतात. जीवाणूंच्या वस्तीसाठी भाजलेल्या मातीचे, झिलई व रंग नसलेले सच्छिद्र तुकडे किंवा याच कामासाठी तयार केलेली चिनी मातीची कडी वापरावीत आणि त्यांवरून पाणी ठिबकत ठेवावे. जोडीला हवेवर चालणारा एक स्पंज असावा, म्हणजे एक साधन बंद पडले तरी दुसरे चालू राहील. वेगळ्या लहान कप्प्यात, प्रकाशात, शेवाळ वाढवावे. मात्र टाकीचे तपमान वाढेल इतके ऊन तिच्यावर पडू देऊ नये. पैसे उरल्यास पहिली खरेदी फेस काढणाऱ्या यंत्राची करावी.

मीठ स्वयंपाकघरातले चालणार नाही. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी घटक असलेले तयार मिश्रणच हवे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, दर आठवड्यास ५० लिटर पाणी बदलावयाचे तर दर खेपेस पावणेदोन किलो मिश्रण लागेल. हा खर्च टाकी घेण्यापूर्वीच हिशेबात धरावा. तो न झेपणाऱ्याने मासे कमी ठेवावेत. पाणी बदलणे लांबणीवर टाकू नये.

पहिले सहा आठवडे टाकीत मासा सोडू नये. कोळंबीचा एक लहान तुकडा कुजू द्यावा आणि अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट दर दोन दिवसांनी मोजून त्यांचा आलेख काढावा. एक रेषा चढते आणि उतरते, दुसरी तिच्यामागून चढते आणि उतरते, तिसरी चढतच जाते. श्लोसिंग, म्युंट्झ आणि विनोग्राड्स्की यांचे संशोधन वर्गाच्या भिंतीवर अशा रीतीने पुन्हा घडते. पहिल्या दोन रेषा शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत, आणि आणल्यावर एका वेळी एक-दोनच आणावेत. टाकीतील मासा, शेवाळ किंवा पाणी पुढे कधीही समुद्रात सोडू नये. परक्या जातीचे शेवाळ एकदा समुद्रात पसरले की ते आवरणे किती कठीण असते, हे भूमध्य समुद्राने १९८४ नंतर मोनॅकोच्या किनाऱ्यापासून अनुभवले आहे.

मद्रासला १९०९ मध्ये आणि मुंबईला १९५१ मध्ये जी सार्वजनिक मत्स्यालये उघडली, ती समुद्रकाठी होती. घरातील टाकीला समुद्राचा तो शेजार नसतो. तिचा समुद्र तिच्या गाळणीतच असतो. तो समुद्र जपण्यास महागड्या यंत्रापेक्षा हातातील अन्नाच्या चिमटीवरचा ताबा, वीज जाण्याचे भान आणि दर आठवड्याची नियमितता अधिक उपयोगी पडते. ज्याला एवढे पाळता येईल त्याने टाकी अवश्य ठेवावी. ज्याला येणार नाही त्याने मासे समुद्रातच राहू द्यावेत.